रोहिणखेडची मशीद, दोन लढाया आणि एक डबी

बुलढाणा जिल्ह्यात आलेला पाहुणा लोणारचे सरोवर बघतो, शेगावला गजानन महाराजांचे दर्शन घेतो, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकतो आणि परत फिरतो. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला मुद्दाम थांबणारा विरळा. बालाघाटाच्या डोंगरांना लागून, घाटाखाली वसलेल्या या गावात 1582 साली खुदावंदखान महदवीने बांधलेली मशीद आहे. लहानशी, पण देखणी. याच गावाच्या शिवारात दीडशे वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या लढाया झाल्या आणि दोन्ही वेळा दख्खनच्या राजकारणाने वळण घेतले. असे गाव लोकांनी उभे राहून, डोळे भरून पाहावे, यासाठी एक चांगला मार्ग आहे: तिथे जिओकॅशिंगचा कोड्याचा खेळ मांडणे. तो नीट कसा मांडायचा, हे या लेखात सांगतो. शिक्षक, ट्रेकिंग करणारी मंडळी, गावची तरुण पोरे, सुटीत मुलांना घेऊन गावी येणारे आईबाप, कोणालाही हे जमेल.

जिओकॅशिंग म्हणजे अक्षांश-रेखांशावरून लपवलेली डबी शोधणे. उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानात अमेरिकेने सामान्य लोकांसाठी मुद्दाम चूक ठेवली होती. मे 2000 च्या सुरुवातीला ती काढून टाकली आणि एका रात्रीत यंत्रे कितीतरी पटींनी अचूक झाली. लगेच 3 मे 2000 रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ जगभर गेला. डबीत एक नोंदवही असते. शोधणाऱ्याने नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तशी परत ठेवायची. उल्मरने बादली अर्धी पुरली होती. आज पुरायला परवानगी नाही, खणायला तर नाहीच.

या खेळाचे बरेच प्रकार आहेत. रोहिणखेडला शोभतो तो कोड्याचा प्रकार. यात डबीचा खरा ठावठिकाणा जाहीर करत नाहीत. जवळपासचे एक ठिकाण देतात आणि कोडे सुटले की खरे आकडे हाती येतात. जिओकॅशिंग डॉट कॉमवर नोंद करायची असेल तर जाहीर ठिकाणापासून डबी साधारण 3.2 किलोमीटरच्या आत असावी लागते आणि दोन डब्यांमध्ये निदान 161 मीटरचे अंतर लागते. डबी ठेवणाऱ्याला तिची निगा राखता आली पाहिजे, अशीही अट असते. पुण्या-मुंबईहून दोन दिवसांसाठी येऊन डबी ठेवून निघून जाणे चालत नाही. ही अट मला फार रास्त वाटते. गावात राहणारा एक तरी माणूस या खेळात हवाच.

कोडे रचायचे म्हणजे आधी गोष्ट पक्की हवी. पहिली लढाई 1437 ची. खानदेशचा सुलतान नासीरखान फारुकी याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीनला दिली होती. तिला नीट वागवले जात नाही, या रागाने नासीरखान वऱ्हाडात घुसला. दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी त्याच्यावर चालून आला. रोहिणखेडला त्याने नासीरखानाचा धुव्वा उडवला आणि बुऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग करून ते शहर लुटले. एका लेकीच्या संसारातले दुःख दोन राज्यांच्या रणांगणावर आले, ते या गावात.

दुसरी लढाई निजामशाहीच्या गादीसाठी. अहमदनगरला इस्माईल नावाच्या कोवळ्या मुलाला गादीवर बसवून जमालखान कारभार पाहत होता. इस्माईलचा बाप बुऱ्हाण हयात होता आणि गादी आपलीच, असे त्याचे म्हणणे होते. खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन तो वऱ्हाडात उतरला. रोहिणखेडला गाठ पडली. जमालखान मारला गेला, इस्माईल पकडला गेला आणि बापाने मुलाच्या हातून राज्य घेतले. मशीद बांधणारा खुदावंदखान हा याच जमालखानाच्या बाजूचा. दोघेही महदवी, म्हणजे जौनपूरच्या सय्यद मुहम्मदांना मानणारे. मशीद आधी उठली आणि आठ-नऊ वर्षांत तिच्या परिसरातच तिच्या पंथाचा पुढारी पडला. ही गोष्ट वाचून मगच त्या मशिदीसमोर उभे राहा. बघण्यात फरक पडतो.

इथेच कोडे रचणाऱ्यासाठी पहिली सूचना. दुसऱ्या लढाईचे साल कोड्यात वापरू नका. गॅझेटियरमध्ये 1590 आहे, इतर पुस्तकांत 1591 सापडते. याचे एक कारण समजण्यासारखे आहे. हिजरी 999 हे वर्ष 1590 च्या ऑक्टोबरात सुरू होते आणि 1591 च्या ऑक्टोबरात संपते. हिजरी साल नुसते उतरवून घेतले की इंग्रजी साल एकाने इकडे-तिकडे होते. तुमच्या कोड्यात तो एक आकडा चुकला तर शोधणारा कोणाच्या तरी शेतात जाऊन उभा राहील. ज्या आकड्याबद्दल दोन पुस्तके भांडतात, तो गोष्टीत सांगा, गणितात घेऊ नका. 1437 आणि 1582 ही दोन साले पुरेशी आहेत.

आता ही साले लपवायची कशी? इंग्रजी अक्षरांना आकडे देण्याची पद्धत जगभरच्या कोड्यांत चालते. आपल्याकडे त्याहून जुनी आणि सुंदर सोय आहे. शिलालेखांत आणि पोथ्यांत साल शब्दांनी लिहायची चाल होती: चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, अग्नी म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, ऋतू म्हणजे सहा, मुनी म्हणजे सात, वसू म्हणजे आठ, ग्रह म्हणजे नऊ, आकाश म्हणजे शून्य. गंमत अशी की हे अंक उलटे, एकं स्थानापासून वाचायचे. ‘नेत्र, वसू, बाण, चंद्र’ म्हणजे 2, 8, 5, 1, म्हणजे 1582. ‘मुनी, अग्नी, वेद, चंद्र’ म्हणजे 1437. आजीला विचारले तर अर्धे शब्द ती सांगेल, उरलेले शब्दकोशात मिळतील. मुलांसाठी सोपे करायचे असेल तर असे विचारा: माणसाला डोळे किती, वसू किती, मदनाचे बाण किती, आकाशात चंद्र किती; आणि मोजणी चंद्रापासून सुरू करा.

फारसी-उर्दूच्या बाजूने अशीच ‘अबजद’ पद्धत आहे. तिथे प्रत्येक अक्षराला किंमत असते: अलिफ एक, बे दोन, जीम तीन, दाल चार. 1582 हे जवळजवळ सगळे वर्ष हिजरी 990 मध्ये येते आणि अबजदमध्ये ज़ोय 900, स्वाद 90. म्हणजे दोन अक्षरांत साल मावले. एकाच कोड्याचा एक धागा संस्कृतातून आणि दुसरा उर्दूतून आला, तर घरात उर्दू वाचणारा आणि पोथी वाचणारा, दोघांनाही शेजारी बसावे लागेल. हा केवळ माझा हट्ट नाही, इतिहासाचा दाखला आहे. ज्या राजा अलीखानाने रोहिणखेडला बुऱ्हाणला मदत केली, त्यानेच बुऱ्हाणपूरची जामा मशीद बांधली, आणि त्या मशिदीत अरबीसोबत संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात विक्रम संवत 1646 आणि शके 1511 अशी दोन्ही साले दिलेली आहेत. बुऱ्हाणपूर इथून फार लांब नाही. जमले तर कोडे रचण्याआधी तो लेख पाहून या.

आता गणित. अंश-मिनिटांच्या पद्धतीत मिनिटानंतर तीन दशांश स्थळे लिहितात आणि खेळ त्या तीन आकड्यांतच असतो. रोहिणखेडच्या अक्षांशावर शेवटच्या स्थळातला एक आकडा म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे 1.85 मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे 1.74 मीटर. मधला आकडा चुकला तर अठरा मीटर, पहिला चुकला तर 185 मीटर. म्हणून जुन्या गॅझेटियरात गावाचे म्हणून दिलेले 20 अंश 37 मिनिटे उत्तर आणि 76 अंश 11 मिनिटे पूर्व एवढे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. पूर्ण मिनिट म्हणजे जवळपास पावणेदोन किलोमीटरचा चौकोन, त्यात सगळा गाव बुडेल. आकडे तुम्ही स्वतः, जागेवर उभे राहून घ्यायचे.

एक उदाहरण करून दाखवतो. समजा, मशिदीजवळ उभे राहून तुमच्या फोनने उत्तरेच्या मिनिटांचे दशांश 300 आणि पूर्वेचे 400 दाखवले. आता 1582 मधून 1437 वजा करा: 145. हे उत्तरेत मिळवा, 445 झाले. 1582 चे चारही अंक एकमेकांशी गुणा: एक गुणिले पाच गुणिले आठ गुणिले दोन, म्हणजे 80. हे पूर्वेत मिळवा, 480 झाले. तुम्ही उत्तरेला 268 मीटर आणि पूर्वेला 139 मीटर सरकलात. सरळ रेषेत मशिदीपासून सुमारे 300 मीटर. 300 आणि 400 हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. त्या दिशेला विहीर किंवा कोणाची उभी तूर असेल तर मिळवण्याऐवजी वजा करा, दिशा बदला. आधी डबीची जागा ठरवायची आणि मग तिथे पोहोचणारे गणित रचायचे. उलटे केले की पस्तावायची पाळी येते.

पण एवढे कोडे घरबसल्या सुटते आणि घरबसल्या सुटणाऱ्या कोड्याने मशीद पाहिली जात नाही. माझ्या मते या खेळाचा सगळा जीव पुढच्या गोष्टीत आहे. उत्तराचा निदान एक आकडा असा हवा, जो तिथे गेल्याशिवाय आणि थांबून पाहिल्याशिवाय मिळणार नाही. समोरून कमानी किती दिसतात, पायऱ्या किती, एखादी नक्षी किती वेळा येते, अशा मोजदादी घ्या. मोजताना माणूस आपोआप मान वर करतो, एका दगडावरून दुसऱ्यावर नजर नेतो, मागे सरकून पुन्हा पाहतो. एरवी फोटो काढून दोन मिनिटांत निघून गेला असता, तो वीस मिनिटे थांबतो. मात्र फलकावरच्या मजकुरातले शब्द मोजायला लावू नका. फलक रंगवले जातात, बदलले जातात. डागडुजीत बदलेल अशी कोणतीच वस्तू घेऊ नका. आणि मोजण्यासाठी आत शिरावे लागेल, चढावे लागेल, काही सरकवावे लागेल, असा प्रश्न तर मुळीच नको. उघड्या बाजूने, जमिनीवर उभे राहून जे दिसते तेवढेच.

शेवटी पडताळा द्या. सगळ्या सहा दशांश आकड्यांची बेरीज इतकी येते, एवढे सांगितले की चुकलेल्याला आपण चुकलो हे कळते. वरच्या उदाहरणात 4, 4, 5, 4, 8, 0 यांची बेरीज 25. दहा सेकंदांत होणाऱ्या या पडताळ्याने लोकांचे पाय आणि शेतकऱ्याचे पीक दोन्ही वाचते.

आकडे घेण्याबद्दलही सांगतो, कारण घाई इथेच होते. फोन हातात धरून डबीच्या जागी उभे राहा. नकाशावरचा निळा ठिपका पहिली दोन-तीन मिनिटे थरथरत राहतो, कधी बांधापलीकडे उडी मारून परत येतो. त्याला स्थिर होऊ द्या. मग आकडे लिहा, वीस पावले दूर जा, दुसऱ्या बाजूने परत या, पुन्हा लिहा. असे पाच-सहा वेळा, आणि शक्य असेल तर वेगळ्या दिवशी आणखी एकदा. सरासरी काढा. दाट झाडाखाली आणि उंच भिंतीच्या कडेला आकडे बिघडतात.

आता कायदा. संरक्षित स्मारकाची नासधूस केली, त्यावर काही खरडले तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद 1958 च्या कायद्यात 2010 साली केली गेली. त्याच दुरुस्तीने स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे 200 मीटर नियंत्रण कायद्यात आले. डबी म्हणजे बांधकाम नव्हे, हे खरे. पण माझे सांगणे असे की हे 300 मीटर डबीसाठीही पाळा. भिंतीच्या फटीत, पायाच्या दगडाखाली, कबरीजवळ काहीही लपवायचे नाही. चुन्यात हात घालणारा पहिला माणूस जपून घालेल, पन्नासावा नाही घालणार. खेळामुळे एक दगड जरी हलला तरी खेळ नको. ड्रोन उडवू नका.

मशीद ही मशीद आहे, हेही लक्षात ठेवायचे. नमाजाच्या वेळी आवारात घोळका नको, चपला घालून पुढे जायचे नाही, मोठ्याने हाका मारायच्या नाहीत. कोड्याच्या मजकुरात कोण जिंकले, कोण हरले याची टिंगल नको. महदवी पंथाची माणसे आजही आहेत. त्यांच्या श्रद्धेबद्दल लिहिताना त्यांच्यातल्या एखाद्याने ते वाचले तर त्याला आपले वाटेल, असे लिहा.

डबी ठेवण्याआधी तीन ठिकाणी जायचे: मशिदीची देखरेख करणाऱ्यांकडे, ग्रामपंचायतीत आणि ज्याच्या जागेत डबी ठेवायची त्याच्याकडे. हद्दीच्या पोलीस ठाण्यालाही एक साधा अर्ज देऊन ठेवा: काय ठेवले, कुठे, का, आणि कोणाशी बोलायचे. बेवारस डबा दिसला की आपल्याकडे लोक घाबरतात आणि त्यांचे घाबरणे योग्यच असते. म्हणून डबी पारदर्शक घ्या, आतले सगळे बाहेरून दिसले पाहिजे. झाकणावर ठळक मराठीत लिहा: हा शोधाचा खेळ आहे, आत फक्त वही आणि पेन्सिल आहे, कृपया जागेवर ठेवा. खाली उर्दूत आणि हिंदीतही. टिफिनचा स्टीलचा डबा, वायरी गुंडाळलेले काही, काळ्या चिकटपट्टीने बांधलेले काही चुकूनही नको.

आत वही आणि शिसपेन्सिल. बॉलपेनची शाई ओल लागली की पसरते, शिसे राहते. वही झिपच्या पिशवीत आणि पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. चॉकलेट, बिस्किटे, उदबत्ती असे वासाचे काही नको; मुंग्या लागतात आणि माकडे झाकण उघडायला शिकतात. लहान मुलांना बक्षीस ठेवायचे असेल तर गोट्या, बटणे, जुनी नाणी ठेवा, आणि एक वस्तू घेतली तर एक ठेवायची हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

जागा निवडताना साप-विंचू आधी आठवा. दगडांचा ढीग, झाडाची ढोली, बांधाची भगदाडे या लपवायला छान वाटणाऱ्या जागा नेमक्या घोणस आणि फुरशाच्याही आवडीच्या. हात न घालता, नुसत्या डोळ्यांनी दिसेल अशी जागा हवी. कमरेच्या उंचीवर, फांदीला दोरीने अडकवलेली डबी उत्तम. झाडाला खिळा ठोकायचा नाही. पायवाटेवरून किंवा पांदणीवरून पोहोचता आले पाहिजे, उभ्या पिकातून नाही. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी धरते की पाऊल उचलणे मुश्कील होते. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशीपार जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खेळाचा काळ. पहिला पाऊस झाला की डबी उघडून वही पाहणे आणि ओली असेल तर बदलणे, ही गावातल्या माणसाची जबाबदारी. तो माणूस मिळाला नाही तर डबी ठेवूच नका.

डबीशिवायही खेळ होतो. शाळेसाठी मला तोच बरा वाटतो: कोड्याचे उत्तर म्हणजे गावातले एक ठिकाण, आणि तिथे पोहोचलेल्या मुलांना एखाद्या ज्येष्ठ माणसाने गावाची गोष्ट सांगायची. खेळ पुढे वाढवावासा वाटला तर जिल्ह्यातच धागा आहे. याच खुदावंदखानाने रोहिणखेडच्या एक वर्ष आधी, 1581 मध्ये, साखरखेर्ड्याला मशीद बांधली. त्याच साखरखेर्ड्याला 1724 साली निजामउल्मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला आणि गावाला फतेहखेर्डा हे नाव दिले. रोहिणखेडच्या वहीत साखरखेर्ड्याच्या कोड्याचा पहिला शब्द लिहून ठेवलात, तर एका माणसाने बांधलेल्या दोन वास्तू लोक एकापाठोपाठ पाहतील आणि त्यांची तुलना करतील. लोणारला मात्र डबी ठेवू नका. उल्केच्या आघाताने झालेल्या त्या विवरासाठी या खेळात वेगळा, डबी नसलेला प्रकार आहे, ज्यात खडक आणि पाणी पाहून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात.

नोव्हेंबर लागला की एक रविवार काढा. पहिल्या फेरीला डबी नेऊ नका, वही न्या. मशिदीसमोर अर्धा तास बसा, गावातल्या चार माणसांशी बोला, त्यांना दोन्ही लढायांबद्दल काय ठाऊक आहे ते लिहून घ्या. कोडे त्या वहीतून तयार करा आणि ते पहिल्यांदा गावातल्याच मुलांना सोडवायला द्या.